चार बोटं कमी

वणीत आमच्या शेजारच्या येल्लावारांकडे पाहुण्याला पाणी मिळतं, पण आधी त्याची उंची मोजली जाते. चप्पल काढायला वाकलेला माणूस सरळ झाला की दिगूभाऊ येल्लावार खिशातून टेप काढतात, एक टोक त्याच्या टाचेखाली सरकवतात आणि दुसरं टोक डोक्यावर टेकवायला स्वतः स्टुलावर चढतात. स्टूल लागतंच, कारण दिगूभाऊ पाच फूट एक इंच आहेत. मग दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची रेघ आणि पुढे नाव. गॅस सिलिंडरवाला, वीजमीटर वाचणारा, माझ्या मुलीसाठी स्थळ घेऊन येताना दार चुकलेला मध्यस्थ, कोणी सुटलेलं नाही. मागच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दारात आले. दिगूभाऊंनी त्यांना मोजलं आणि दहा कार्यकर्त्यांसमोर सांगितलं, "पाच फूट पाच. बोर्डावर सहा फुटाचे दिसून राह्यले तुमी."

मी पाच फूट तीन आहे. होते. गेल्या वर्षी भर भाजीबाजारात त्यांनी मला हाक मारून कळवलं, "सुनंदाताई, तुमी अर्धा इंच खचल्या!" वांगी निवडणाऱ्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या नवऱ्याच्या हे लक्षात आलेलं नव्हतं. मी डोक्यावर टोपली घेऊन फिरले तरी त्याच्या लक्षात यायचं नाही, तो भाग वेगळा.

माझी मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात पेढे घ्यायला आलेला प्रत्येक माणूस वजन विचारत होता. दिगूभाऊ आले आणि म्हणाले, "वजन सोडा. लांबी सांगा." नर्सने एकोणीस इंच सांगितल्यावर त्यांनी जरा विचार केला. "ठीक हाय. बास्केटबॉलात पुढून खेळंल." मुलगी आता नागपुरात बँकेत आहे आणि चेंडू दिसला तरी रस्ता बदलते.

दिगूभाऊ चौतीस वर्षं मोजणी खात्यात होते. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, डोकी फोडणारे भाऊ-भाऊ त्यांची रेघ मुकाट्याने मान्य करायचे, कारण ती रेघ कोणासाठी अर्धा इंचही सरकली नव्हती. मोजणीच्या दिवशी ते शेतकऱ्याकडचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. "चहा पेला की रेघ हलते," असं म्हणायचे. घरून तांब्या घेऊन जायचे. निवृत्त झाले तरी खातं अंगातून गेलं नाही. कोणी 'लय ऊन हाय' म्हणालं की हे लगेच "मोजून बोला!" डॉक्टर म्हणाले, बीपी जरासं वाढलंय. "मोजून बोला!" शेवटी डॉक्टरांनी आकडा लिहून दिला तेव्हा गोळ्या सुरू झाल्या.

माणसाची ओळखही ते जमिनीसारखी, चतुःसीमा घालून करून देतात. माझी ओळख अशी: "ह्या सुनंदाताई. पूर्वेले तहसील, पश्चिमेले रसवंती, मधात ह्यायचं झेरॉक्सचं दुकान, अन् उत्तरेले कोणाचं काही चालत नाई."

आता असा माणूस बास्केटबॉलच्या नादी कसा लागला, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते स्वतः कधी खेळले नाहीत. चेंडू हातात घेतला तर तो त्यांच्यापेक्षा वजनदार दिसतो. म्हणाले, "ताई, जिंदगीभर जमिनीचे भांडणं पाह्यले. ह्या खेळात भांडण वर हाय, हवेत. हवेले धुरा नसते."

तर नगरपालिकेच्या शाळेमागे सिमेंटचं मैदान आहे, दोन लोखंडी खांब आहेत, आणि त्यांच्या जिवावर आमचं बास्केटबॉल मंडळ आहे. दिगूभाऊ सचिव. मी कोषाध्यक्ष, कारण पावत्या माझ्या दुकानात फुकट छापून मिळतात. कोळशाच्या गावात मैदान सकाळी धुतलं तरी दुपारी काळं होतं. बाहेरचे संघ पांढऱ्या गणवेशात येतात आणि अर्ध्या खेळात राखाडी होतात. घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो आम्हाला एवढाच.

एवढाच, म्हणजे उमेश येईपर्यंत.

उमेश टेकाम दिगूभाऊंना मोजणीत सापडला. मारेगावकडे एका शेताची मोजणी चालू होती, आणि पलीकडच्या टोकाला झेंडीची काठी धरून कॉलेजातलं एक पोरगं उभं होतं. दिगूभाऊंनी दुर्बिणीतून पाहिलं तर काठी खाली आणि पोरगं वर. त्या दिवशी मोजणी संपल्यावर त्यांनी पोराचीही मोजणी केली आणि त्याच्या बापाला सांगून त्याला वणीला आणलं. तीन वर्षं तो त्यांच्या मागच्या खोलीत राहिला. तेव्हा दिगूभाऊंच्या पत्नी मंदाकाकू होत्या. त्या त्याच्यासाठी बाजूला वेगळी परात मळायच्या. दिगूभाऊंनी त्याला हाकून हाकून बी. पी. एड. करायला लावलं. पुढे त्याचं लग्न झालं, दोन मुली झाल्या, भाड्याच्या खोल्या बदलत गेल्या. पण टपालाचा पत्ता येल्लावारांचाच राहिला. मंदाकाकू जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ त्यांना नाही. उमेश रविवारी सकाळी यायचा, बाहेरच्या ओट्यावर बसून दोघं न बोलता पोहे खायचे. मी गच्चीवर कपडे वाळत घालताना पाहायचे. एक माणूस बसलेला असूनही उभा वाटायचा आणि दुसरा उभा राहिला तरी बसलेला.

उमेश आल्यापासून विदर्भातल्या स्पर्धेची ढाल आमच्याकडेच मुक्कामाला होती. त्याच्या उडीची दरवर्षी मोजणी व्हायची. पोळ्यानंतरच्या पहिल्या रविवारी मैदानाशेजारच्या पंपाच्या खोलीच्या भिंतीपाशी उमेश उभा राहायचा, बोटं ओल्या गेरूत बुडवायचा आणि उडी मारून भिंतीवर ठसा उठवायचा. दिगूभाऊ शिडी लावून ठशाशेजारी साल लिहायचे. गाव टाळ्या वाजवायचं.

आणि गावाने टाळ्या वाजवल्या की माणूस महाग होतो.

सुरुवातीला उमेश दूध आणि अंड्यांवर खेळत होता. मग दारव्ह्याच्या मंडळाने त्याला एका हंगामाचे पैसे देऊ केले. आमचे अध्यक्ष जग्गूशेठ यांचे कोळशाचे बारा ट्रक आहेत; त्यांनी जास्त देऊ केले. दारव्ह्याने मोटारसायकल म्हटलं. जग्गूशेठनी मोटारसायकल आणि पेट्रोल म्हटलं. उमेशने स्वतः कधी काही मागितलं नाही. दोन गावं त्याच्या वतीने एकमेकांकडे मागत होती. गेल्या वर्षी आकडा दीड लाखावर गेला. करार संपला होता, आणि आता पुढच्या दोन हंगामांसाठी उमेशला पुन्हा घ्यायचं की नाही, हा प्रश्न गावापुढे आला.

गाव म्हणजे काय ते सांगते. आमच्या भागात तेव्हा नळाला पाच दिवसांआड पाणी येत होतं. त्याबद्दल कोणी अर्ज केलेला मला माहीत नाही, आणि असता तर तो माझ्याकडेच झेरॉक्सला आला असता. पण उमेशला ठेवावं असं निवेदन आलं, त्यावर तीनशे सह्या. त्यात माझ्या नवऱ्याची सही. त्याला बास्केटबॉलमध्ये एका बाजूला किती खेळतात हे विचारा. तो अकरा सांगतो. पानठेल्यावर, कटिंगच्या दुकानात, एका तेरवीच्या पंगतीतसुद्धा हाच विषय. "उमेश गेला तं वणीची इज्जत गेली," असं एक आजोबा वाढप्याला सांगत होते आणि बुंदी वाढवून घेत होते. दुसरी बाजूही होती. एवढ्या पैशांत चार पोरं तयार होतील, असं म्हणणारे. त्यांना ती चार पोरं कोण, हे विचारलं की ते घड्याळ पाहायचे.

मी दुसऱ्या बाजूची होते. मंडळाच्या पेटीत काय आहे ते मला ठाऊक होतं. जग्गूशेठचा शब्द आणि हवा. पण माझ्या मताला विचारतो कोण? पाच जणांची कार्यकारिणी. जग्गूशेठ बाजूने, त्यांनी ट्रकांच्या मागे उमेशचा फोटो रंगवून घेतला होता. प्रशिक्षक खुसपे सर बाजूने, कारण उमेश असला की प्रशिक्षण द्यावं लागत नाही. टोंगे वकील शेवटी जो बोलेल त्याच्या बाजूने. आणि दिगूभाऊ तर उमेशचे दिगूभाऊ. चारास एक. मी चकलीची भाजणी दळायला टाकून बैठकीला गेले होते. म्हटलं, अर्ध्या तासात उरकेल.

बैठक शाळेच्या वर्गात. आम्ही सगळे पोरांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेलो. उमेश बाहेर व्हरांड्यात उभा होता. त्याला मागाहून हार घालायचा होता, हार जग्गूशेठच्या ड्रायव्हरच्या हातात होता.

"चला, मंजूर म्हणा अन् चहा बोलवा," जग्गूशेठ म्हणाले.

"थांबा," दिगूभाऊ म्हणाले. त्यांनी पिशवीतून कागदाची गुंडाळी काढली आणि फळ्यावर चार टाचण्या लावून उलगडली.

तो उमेशचा मोजणी नकाशा होता. ट्रेसिंग पेपरवर, शाईने, प्रमाण एकास दहा. डोक्याच्या बाजूला बाण काढून 'उत्तर' लिहिलं होतं. खाली चतुःसीमा: पूर्वेस वय वर्षे बत्तीस. पश्चिमेस पत्नी व दोन मुली. दक्षिणेस गुडघे. उत्तरेस रिंग, चालू वर्षी अंतर चार बोटांनी वाढले. आणि कोपऱ्यात सही, 'मोजणारा: दि. स. येल्लावार, निवृत्त'.

"म्हंजे काय भाऊ?" खुसपे सरांनी विचारलं.

"म्हंजे उडी चार बोटं कमी झाली. माल उतरणीले लागला. नका घेऊ."

जग्गूशेठ उभे राहायला गेले, पण बाकात अडकले. "अरे भाऊ, काय बोलून राह्यले तुमी? तुमचा पोरगा हाय तो! मी बारा ट्रकवर त्याचा फोटू लावला!"

"फोटू चार बोटं खाली घ्या."

"त्याच्यासारखा प्लेयर अख्ख्या विदर्भात हाय का?"

"मोजून बोला, शेठ."

टोंगे वकील चष्मा वर करून नकाशा पाहत होते. ते मला म्हणाले, "ताई, याच्यावर स्केल आहे. उत्तर दिशा आहे. याला विरोध करायचा तर प्रतिमोजणी आणावी लागेल." मत टाकायची वेळ आली. दोन विरुद्ध तीन. उमेश टेकामला पुन्हा घेऊ नये, असा ठराव आमच्या मंडळाने केला, आणि तो लिहून घेताना मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दार उघडंच होतं आणि दारात उमेश उभा होता, चौकटीतून आत यायला थोडा वाकलेला.

"काका," तो म्हणाला, "तुमी?"

दिगूभाऊ नकाशाच्या टाचण्या काढत होते. मागे न पाहता म्हणाले, "तुले वाईट वाटलं तं मी काय करू? मी काय तुले जलमभर पोसाचा ठेका घेतला काय?"

उमेश वळला आणि गेला. ड्रायव्हरने हार कोणाला घालायचा ते विचारलं.

त्यानंतर गावाने दिगूभाऊंना सोडलं नाही. ज्या माणसाच्या रेघेवर लोक बांध घालायचे त्याला पोरं लांबून चार बोटं दाखवू लागली. भाजीवाली भेंडी तोलताना विचारायची, "भाऊ, चार बोटं कमी टाकू का जास्त?" जग्गूशेठनी ट्रकांवरचा फोटो पुसून घेतला, पण रंग नीट निघाला नाही, त्यामुळे बारा ट्रक एक धुरकट चेहरा घेऊन चंद्रपूरला ये-जा करत होते. दिगूभाऊ सगळ्यांना एकच सांगायचे, "मापले ते सांगतलं." मलाही त्यांचा राग आला होता. मत माझंही तेच होतं, पण ते बोलायची रीत? चौदा वर्षं ज्याला घरचं म्हटलं त्याला उतरणीचा माल म्हणायचं? रविवारी सकाळी ते ओट्यावर एकटे पोहे खाताना दिसले तेव्हा मी गच्चीवरून तोंड फिरवलं.

आठवड्याभराने उमेशची बायको सरिता माझ्या दुकानात आली. हातात प्लॅस्टिकची फाइल. "काकू, प्रत्येकाच्या तीन-तीन कॉप्या करा. फुलसावंगीकडच्या एका निवासी शाळेत ह्यांना क्रीडा शिक्षकाची नोकरी लागली. परवा हजर व्हायचं हाय."

"वा! अचानक?"

"अचानक कायची. लेटर तं पोळ्याच्या आधीच आलतं. महिन्याभरात हजर व्हा, नाहीतर यादीतला पुढचा घेतो म्हणून." तिने फाइल उघडली. "हे जाईनाच म्हणत होते. नोकरी धरली तं बाहेर पैसे घेऊन खेळता येत नाई. म्हणे, जोवर मंडळाले मी पायजे तोवर काकाले सोडून जात नाई. दिगूकाकांनी समजावलं, शिव्या घातल्या, दोन दिवस बोलले नाहीत. पण हे हट्टी. अन् मग त्या दिवशी काकांनी ते तसं केलं..." तिचा आवाज चढला. "सांगा न काकू, म्हाताऱ्याले काही वाटलं का? हे तीन दिवस जेवले नाईत. मग म्हणाले, चल, जाऊ इथून. थुंकत नाई मी या गावावर."

मी नेमणुकीचं पत्र काचेवर उलटं ठेवलं आणि बटण दाबलं. कॉपी बाहेर आली. वर पत्ता होता: उमेश टेकाम, द्वारा दि. स. येल्लावार, वणी. पत्र आधी त्यांच्याच हातात पडलं होतं.

मी हिशोबी बाई आहे, पण हे पत्र आणि तो नकाशा, असे दोन कागद शेजारी ठेवले की कोणालाही दिसतं तेवढंच मला दिसलं. सरिता गेल्यावर मी दुकानाला कुलूप लावलं, शेजारच्या शिंप्याची टेप घेतली आणि मैदानावर गेले. पंपाच्या खोलीच्या भिंतीवर गेरूचे चौदा ठसे होते. शाळेच्या शिपायाला शिडी धरायला लावली. मागच्या वर्षीचा ठसा मोजला. या वर्षीचा मोजला. पुन्हा मोजला. शिपाई म्हणाला, "मॅडम, पडान."

या वर्षीचा ठसा मागच्यापेक्षा एक बोट वर होता.

आठवडाभर अख्खं गाव या चार बोटांवर भांडलं होतं. ठसा भर मैदानात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. तीनशे सह्यावाल्यांनी, ट्रकवाल्या शेठनी, प्रतिमोजणीवाल्या वकिलांनी, कोणीही मान वर करून पाहिलं नव्हतं. दिगूभाऊंनी कागदावर लिहिलं म्हणजे झालं. आणि त्या भिंतीला चुना फासायचंही त्यांना सुचलं नव्हतं, कारण खोटं कसं झाकायचं याची त्या माणसाला सवयच नव्हती.

मी तशीच त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर पाय सोडून बसले होते.

"भाऊ, मी भिंत मोजली."

त्यांनी माझ्या हातातल्या टेपकडे पाहिलं. "शिंप्याची टेप ताणते," एवढंच म्हणाले.

"पाच बोटं ताणत नाही."

मग त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "ताई, उडी अजून दोन वर्षं राहीन, तीन वर्षं राहीन. मंग? जग्गूशेठ ट्रकवर दुसऱ्याचा फोटू लावन. पोरगा बत्तीसचा झाला, दोन लेकी हायेत, अन् राह्यते भाड्याच्या खोलीत. मी सांगतलं तं ऐकत नाई. भोळसट हाय लेकाचा. त्याले वाटते मी एकटा पडीन."

"मग खरं सांगायचं मंडळाला."

"अन् मंडळ सोडते त्याले? शेठनं नोकरीवाल्यायले फोन लावून तारीख वाढवाचा घोळ घातला असता, तेवढ्यात यादीतला पुढचा लागला असता." ते माझ्याकडे वळले. चौतीस वर्षांत ज्याने कोणाकडे काही मागितलं नव्हतं तो माणूस हात जोडून बसला होता. "उमेशले सांगू नका, ताई. त्याले कळलं तं लेटर फाडून उद्या इथं येईन. सरितेलेबी नका सांगू, तिच्या पोटात राहत नाई."

मी म्हटलं, माझ्या दुकानात गावाची वाटणीपत्रं, जातप्रमाणपत्रं, फारकतीचे कागद येऊन जातात. त्यातलं एक तरी बाहेर गेलंय का? ते म्हणाले, नाई. मी म्हटलं, मग झालं. आणि घरी येऊन चकल्या तळल्या.

थंडीत स्पर्धा झाली. आम्ही पहिल्याच फेरीत दारव्ह्याकडून हरलो. खुसपे सरांना बऱ्याच वर्षांनी प्रशिक्षण द्यावं लागल्यामुळे ते आजारी पडले. दिगूभाऊ गुणफलकाशी बसून आमच्याविरुद्ध पडणारे गुण न चुकता लिहीत होते, आणि मागून शिव्या येत होत्या.

फेब्रुवारीत मला झेरॉक्स मशीनच्या ड्रमसाठी यवतमाळला जायचं होतं. एसटीत पाहते तर पुढच्या सीटवर दिगूभाऊ, इस्त्रीचा सदरा घालून. कुठे म्हणून विचारलं तर म्हणाले, दाताच्या डॉक्टरकडे. त्यांना कवळी आहे. बसस्थानकावर उतरून ते ज्या दिशेला गेले त्या दिशेला दाताचा डॉक्टर नाही, मैदान आहे. ड्रम संध्याकाळपर्यंत कुठे जात नव्हता. मीही गेले.

शाळांच्या मुलींचे जिल्ह्याचे सामने चालू होते. अंतिम सामन्यात एका बाजूला यवतमाळची एक शाळा, छान गणवेश, छान बूट. दुसऱ्या बाजूला फुलसावंगीकडच्या आठ काटक्या, आणि त्यांच्यामागे, सगळ्यांच्या वर डोकं काढून, उमेश. चांगला भरला होता. गळ्यात शिट्टी होती.

दिगूभाऊ कुठे बसले असतील? यवतमाळच्या पालकांमध्ये. अगदी मधोमध. मी दोन रांगा मागे बसले. यवतमाळने गुण केला की ते जोरजोरात टाळ्या वाजवायचे, आणि फुलसावंगीने केला की दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरायचे. एका छोट्या मुलीने लांबून चेंडू टाकला तो सरळ रिंगमध्ये गेला. ती "याडी! याडी!" असं ओरडत प्रेक्षकांतल्या आईकडे हात हलवू लागली, तेव्हा दिगूभाऊंचा एक हात निसटला. त्यांनी त्याने डोकं खाजवलं.

मध्यंतरात उमेशची नजर इकडे गेली. त्याने त्यांना ओळखलं. कोणाच्या बाजूला बसलेत तेही पाहिलं. त्याचा चेहरा मला इतक्या लांबून दिसला, आणि पुढे बसलेल्या म्हाताऱ्याची मान खाली गेलेलीही दिसली. उमेशने मुलींना जवळ घेतलं, आमच्या बाजूला बोट केलं आणि काहीतरी सांगितलं. आठही मुलींनी वळून पाहिलं.

मी नळावर पाणी प्यायला गेले तर त्यातली एक बाटली भरत होती. "काय सांगितलं गं सरांनी?"

"तो बुढा बसला न तिकडे? तो म्हणते, आपल्यात दम नाई. सर म्हणले, त्याले दाखवा."

दाखवलं. दुसऱ्या अर्ध्या खेळात त्या पोरी अशा खेळल्या की छान बुटांना पळायला जागा उरली नाही. शिट्टी झाली तेव्हा उमेश मैदानात धावला आणि आठजणी त्याच्या हातांना लोंबकळल्या. आमच्या बाजूला शांतता. दिगूभाऊंनी चष्मा काढला होता आणि पंचा डोळ्यांवर दाबून धरला होता. खांदे हलत होते.

शेजारच्या बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. जाड सोन्याच्या बांगड्या, मांडीवर चिवड्याचा डबा. "रडू नका आजोबा. खेळ आहे. तुमची नात छान खेळली हो. पुढच्या वर्षी आपणच जिंकू."

दिगूभाऊंनी पंचा खाली घेतला. "पुढच्या वर्षी कायले?" ते म्हणाले. "पुढच्या वर्षीबी ह्याच पोरी जिंकते. त्याच्या पुढच्याबी. त्यायचा मास्तर पाह्यला का तुमी?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग डब्याला झाकण लावलं आणि उठून तीन जागा पलीकडे जाऊन बसल्या. आजूबाजूची दोन-चार माणसंही सरकली. दिगूभाऊ त्या बाकावर एकटेच उरले, मैदानाकडे पाहत.

मी उठले, दोन रांगा उतरले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. साडेपाचच्या बसला अजून वेळ होता.